वरच्या दोन कोनाड्यांविषयी

मी दिदिमे, सोतासची मुलगी, धान्याच्या जहाजांवर फिरणारा व्यापारी हेरोन याची विधवा, राहणार अलेक्झांड्रिया, बीटा मोहल्ला, वय सत्तरीच्या पुढचे (नक्की किती ते आईला ठाऊक होते), हे मृत्युपत्र सांगून लिहवून घेत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असे लेखनिक हर्मियास म्हणतो. कोणी धाक घातलेला नाही. धाक घालायला एक जण येऊन गेला, त्याचे पुढे येईलच. कृपावंत सम्राटांनी मृत्युपत्र आपल्या ग्रीक भाषेत लिहायला मुभा दिली आहे, तेव्हा लॅटिनचे लटांबर पाठीशी न लावता बोलते. मी तीन लेकरांना जन्म दिला, म्हणून कायद्याने मला पालकाची संमती लागत नाही. त्यांतली दोन पाळण्यातच गेली. कायदा ते विचारत नाही.

कलम पहिले. माझा वारस एकच, माझा मुलगा पानिस्कोस. तो आपल्या ख्रिस्ती मंडळीत वडील, म्हणजे पुढारी, म्हणून मानला जातो, बाप्तिस्मा घेणाऱ्यांना शिकवतो, आणि रागावला की त्याच्या नाकाचा शेंडा लाल होतो. राहते घर, अंगणासकट आणि अंगणातल्या उंबरासकट, त्याचे. दर रविवारी मंडळी याच अंगणात जमते, ती पुढेही जमावी.

परंतु अट आहे. पश्चिम दरवाजाबाहेर खडकात कोरलेले आमचे थडगे आहे. त्याच्या भिंतीत वर शेजारी शेजारी दोन कोनाडे, खाली एकाखाली एक असे दोन. वरच्या दोन्ही कोनाड्यांत माणसे आहेत. त्या दोघांना कोणीही हलवायचे नाही, आणि मी मेल्यावर मला त्यांच्या लगेच खालच्या कोनाड्यात ठेवायचे. वरच्यांपैकी एकाच्याही दगडाला छिन्नी लागली, तर त्या दिवसापासून हे घर शेजारच्या दियोस्कोरोस व्याकरणशिक्षकाचे होईल. दियोस्कोरोस भला माणूस आहे, सेरापिस देवाचा भक्त आहे. तो अंगणात सेरापिसचा पुतळा बसवील आणि सकाळ-संध्याकाळ धूप जाळील. मग मंडळीने रविवारी कुठे जमायचे, ते पानिस्कोसने बघावे.

लेखनिक म्हणतो, "बाई, एवढं सगळं कायद्यात बसत नाही."

मी म्हटले, "बसत नसेल तर उभं राहू दे. तू लिही."

कलम दुसरे. थातरेस, जिला मी माझ्या लग्नाच्या वर्षीच गुलामीतून मोकळी केली आणि जी तरीही गेली नाही, तिला स्वयंपाकघर, त्यामागची खोली, तांब्याची सगळी भांडी आणि शेवटपर्यंत या घरात राहण्याचा हक्क. तिला कोणी 'ए म्हातारे' म्हणायचे नाही. तो हक्क फक्त माझा होता आणि तो माझ्याबरोबर संपतो. सराफाकडे जे काही ठेवले आहे ते मंडळीतल्या विधवांना. माझा माग थातरेसच्या भाचीला, कारण तिला विणता येते आणि माझ्या सुनेला येत नाही. सुनेने वाईट वाटून घेऊ नये, तिला माझ्या बांगड्या आहेत.

कलम तिसरे. माझी नणंद कलिथेया हिला मसुराचे मातीचे मडके, कान तुटलेले. माझ्या लग्नाच्या जेवणात ती सगळ्यांच्या देखत म्हणाली होती, "नवरीला त्रिकोण येतात म्हणे. मसूर येतो का?" मसूर आला, वन्सं. पन्नास वर्षे आला. तुमचा भाऊ जहाजासकट समुद्रात बुडाला तोवर त्याने एकदाही ताटात टाकला नाही. मडके जपून वापरावे, बूड पातळ झाले आहे.

आता वरच्या दोघांविषयी. हे कलम लांबेल. साक्षीदारांनी उंबराखाली बसून घ्यावे.

त्यांतले एक माझे वडील, सोतास. ते याच अंगणात तत्त्वज्ञान शिकवत. तत्त्वज्ञांची ती जाडीभरडी घोंगडी उन्हाळ्यातही खांद्यावर असायची. त्यांची शिकवण एका दमात सांगायची तर अशी: देव एक आहे, त्याला आरंभ नाही, आकार नाही, तो बदलत नाही, आणि त्याच्या बुद्धीने, त्याच्या शब्दाने हे सारे जग बांधून ठेवले आहे. त्या शब्दाचा एकेक दाणा प्रत्येक माणसात पेरलेला असतो, म्हणून गाढवहाक्यालाही कधीकधी खरे बोलायचे सुचते. हे सगळे सांगून सणाच्या दिवशी तेच वडील देवळात जात आणि धूप जाळत. मी लहानपणी विचारले होते, "बाबा, देवाला आकार नाही म्हणता, मग हा दाढीवाला कोण?"

"अगं, शेजाऱ्यांना दुखवायला नको म्हणून जातो," ते म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "आणि लहानपणी आई न्यायची म्हणून."

दुसरे दोरोथेओस. कापडवाल्याचा मुलगा. वडिलांकडे शिकायला आला तेव्हा मिसरूड फुटत होते आणि त्याचा बाप्तिस्मा झालेला होता. बाकीचे शिष्य त्याची टर उडवत. सुळावर मेलेल्या माणसाला हा देव म्हणतो, म्हणून. एक दिवस वडिलांनीच त्याला समोर बसवले. मी पडद्यामागे नव्हते, शेजारी पाटी घेऊन बसले होते, त्यामुळे सगळे शब्दशः ऐकले आहे.

"तुझा देव रडतो म्हणे?"

"रडतो, गुरुजी. मित्र गेला तेव्हा रडला."

"म्हणजे आधी रडत नव्हता, मग रडला. बदलला की!"

"देव बदलत नाही, गुरुजी. हे तर तुम्हीच शिकवलंत."

"मग हे दोन्ही एका ठिकाणी कसं रे जमतं?"

"तेच कळत नाही. म्हणून तर तुमच्याकडे येतो."

शिष्य खिदळले. वडील हसले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून दोघे रोज भांडू लागले ते वडील असेपर्यंत. वडील त्याला शब्द देत: आरंभ नसलेला, आकार नसलेला, जन्मलेला पण वेगळा न झालेला. दोरोथेओस तो शब्द घेऊन आपला प्रभू त्यात मावतो का बघे. मावला नाही की शिवण उसवून शब्द ढिला करी आणि पुन्हा वडिलांपुढे आणून ठेवी. वडील म्हणत, "माझ्या चांगल्या शब्दाचं काय करून ठेवलंस हे?" आणि रात्री जेवताना तोच उसवलेला शब्द मला समजावून सांगत. आज मंडळीत जे लोक म्हणतात की आपल्याला ग्रीकांच्या शहाणपणाची गरज काय, त्यांनी प्रार्थना करताना आपल्या तोंडातले शब्द एकदा मोजून पाहावेत, कुठून आले ते.

आई गेली तेव्हा वडिलांचे तत्त्वज्ञान लुळे पडले. ते पाटी घेऊन बसत आणि लिहीत नसत. एका दुपारी दोरोथेओसला म्हणाले, "ते रडणाऱ्या देवाचं पुन्हा एकदा सांग रे. आज वाद घालत नाही." त्याने सांगितले. वडिलांनी सबंध ऐकून घेतले. पण ते बाप्तिस्म्याच्या पाण्यात उतरले नाहीत. मी उतरायचे ठरवले तेव्हा रडत त्यांना सांगितले. म्हणाले, "जा की! पण लोक दाराशी चप्पल काढून ठेवतात तसा विचार बाहेर काढून आत जाऊ नकोस." मी तो कधी काढून ठेवला नाही, याला साक्षीदार माझा सगळा संसार आहे.

वडील गेल्यावर त्यांची घोंगडी मी दोरोथेओसला दिली. तो याच अंगणात शिकवू लागला, आता बाप्तिस्मा घेणाऱ्यांना. मंडळीतल्या कडक लोकांना ते वस्त्र खुपायचे. एक जण म्हणाला, "गुरुजी, टाका आता ही घोंगडी. मूर्तिपूजकांची आहे."

"का? थंडी काय फक्त मूर्तिपूजकांनाच वाजते?" तो म्हणाला. मग गंभीर होऊन म्हणाला, "खरं बोलणं कुणाच्याही तोंडून निघो, ते आलेलं असतं एकाच घरातून. मी त्या घरचा आहे. मी का टाकू?"

सरकारचे शिपाई मंडळीच्या लोकांना धरून नेत होते त्या वर्षी तो तापाने गेला. भीतीने कोणी पुढे येईना. माझा नवरा समुद्रावर, पानिस्कोस तान्हा, आत्याकडे ठेवलेला. मी दोन मजूर घेऊन दोरोथेओसला आमच्या थडग्यात नेले आणि वडिलांशेजारच्या कोनाड्यात ठेवले. चितारी तोच होता, ज्याने वडिलांच्या दगडावर चित्र काढले होते. तत्त्वज्ञ म्हटला की त्याला एकच चेहरा यायचा. तीच दाढी, तीच घोंगडी, हातात तीच ग्रंथाची गुंडाळी. खाली नावे होती, ती ओलीने गेली. मजूर गेले, चितारीही गेला. डावा कोण आणि उजवा कोण, हे आज जगात फक्त मला ठाऊक आहे.

पुढे भीतीचे दिवस सरले. दोरोथेओस गुरुजींच्या पुण्यतिथीला मंडळी भाकरी, द्राक्षारस आणि दिवा घेऊन थडग्यात जाऊ लागली. कोणीतरी उजव्या कोनाड्यापुढे दिवा ठेवला, कारण उजवी बाजू मानाची, आणि मग तसाच पायंडा पडला. मला कोणी विचारले नाही. मी बोललेही नाही. दिवा लागतो आहे ना, एवढे बघितले.

आणि आता पानिस्कोसच्या डोक्यात आले की हे थडगे मंडळीचे स्मारक करायचे. त्याआधी आजोबांना तिथून काढायचे, कारण मूर्तिपूजकाच्या हाडांशेजारी गुरुजींची हाडे शोभत नाहीत. आजोबांना सरोवराकाठच्या सार्वजनिक खड्ड्यात टाकायचे. मूर्तिपूजकाच्या थडग्यात आई निजली तर त्याची मान खाली जाते म्हणे. हे त्याने मला पेंडखजूर खाता खाता सांगितले. माझ्या घशाखाली बी गेली.

त्याने गवंडी पाठवला, पेतेसूखोस. तो शहाणा माणूस, काम करण्याआधी माझ्याकडे आला.

"बाई, धाकट्या मालकांनी म्हातारा काढायला सांगितलाय."

"कुठला म्हातारा?"

"तेच विचारायला आलो. दोन्ही दगडांवर एकच माणूस आहे. मालक म्हणतात डावा. मंडळीतला सेवक म्हणतो, छे, त्याच्या आजीने सांगितलंय गुरुजीच डावीकडे. दोघंही माझ्यावर ओरडतात. मी गवंडी आहे बाई, हाडांना नावं विचारता येत नाहीत मला."

"मग घरी जा आणि जेव."

"म्हणजे कुठला काढू?"

"म्हणजे कुठलाच नाही."

त्या रविवारी पानिस्कोस स्वतः आला, नाकाचा शेंडा लाल. आई, सांग. नाही सांगत. आई, चुकून गुरुजींनाच खड्ड्यात टाकलं तर? म्हटले, तर ते पाप तुझ्या डोक्यावर, आणि म्हणूनच कुणालाच टाकू नकोस. मी आज एकाचे नाव सांगितले तर उद्या दुसरा बाहेर पडतो. माझ्या बापाला मी बाहेर काढू देणार नाही, हे मी साफ सांगते, इथे ते कोरून ठेवा हवे तर.

कलम, कितवे ते हर्मियासने घालावे. पितळी दिवा, दोन वातींचा. हा वडिलांचा. तो पानिस्कोसला देते, आणि का देते ते ऐका.

गेल्या महिन्यात पानिस्कोस अंगणात नव्या लोकांना शिकवत होता. मी आत पडून होते. कोणीतरी विचारले, पित्यापासून पुत्र आला तर पिता तेवढा कमी झाला का? पानिस्कोसने हाच दिवा मागवला. एक वात पेटवली, तिच्यावरून दुसरी पेटवली आणि म्हणाला, "बघा, पहिली कमी झाली का? दुसरीचा उजेड वेगळा आहे का?" मला अंथरुणात रडू आले. तो आत आला तेव्हा मी विचारले, "हे कुठून आणलंस रे?"

"दोरोथेओस गुरुजींच्या शिष्यांकडून. गुरुजींचंच आहे ते."

"आणि गुरुजींनी कुठून आणलं?"

"त्यांना प्रभूने सुचवलं असणार."

"असेल. पण प्रभूने ते तुझ्या आजोबांच्या तोंडून सुचवलं. विद्या दिल्याने देणाऱ्याची कमी होत नाही, हे सांगायला ते हाच दिवा पेटवायचे, याच उंबराखाली. गुरुजींनी त्यावरून पिता आणि पुत्र पेटवले."

त्याने दिव्याकडे पाहिले. मग म्हणाला, "मग मी ते शिकवणं सोडून देऊ का?"

"दे की सोडून. मग आजोबांशिवाय पिता-पुत्र समजावून सांग बघू. मी ऐकते."

त्यावर तो उठून गेला, आणि चार दिवसांनी त्याने गवंड्याला पाठवले. राग असा कुठेतरी निघतो.

घोंगडीविषयी. ती पेटीत आहे. दोरोथेओस गेला तेव्हा मी ती काढून ठेवली, कारण ती आधी माझ्या बापाची होती. मला त्याच घोंगडीत गुंडाळावे. बाईमाणसाला तत्त्वज्ञाची घोंगडी कशाला, असे कोणी विचारले तर त्याला थातरेसने उत्तर द्यावे, तिला भरपूर येतात. घोंगडीला कसर लागली आहे. मलाही लागलीच आहे.

इथवर लिहून झाले तोच पानिस्कोस अंगणात आला. मी लेखनिकाला म्हटले, हात थांबवू नकोस, जे बोलणे होईल ते उतरवून घे.

"आई, सात साक्षीदार उंबराखाली बसवून माझी शोभा करतेस?"

"बस. तुझ्या तोंडावर वाचून घे, मागाहून नको."

हर्मियासने सगळे वाचले. मसुराच्या मडक्यापाशी साक्षीदार हसले, पानिस्कोस हसला नाही. वाचन संपल्यावर म्हणाला, "म्हणजे मी एक दगड फोडला तर घर सेरापिसवाल्याला."

"हो."

"आणि नाही फोडला तर कदाचित सगळी मंडळी वर्षानुवर्षं मूर्तिपूजकापुढे दिवा लावत राहणार."

"कदाचित."

"आई, मला फक्त एवढंच सांग. उजवीकडे कोण आहे? कुणालाही सांगणार नाही मी."

हर्मियासनेही बोरू थांबवून माझ्याकडे पाहिले. सगळ्यांनाच हवे होते.

मी म्हटले, "तुझी पोर गेली तेव्हा तू त्या उजव्या दगडाला कपाळ लावून रडलास. मी मागे उभी होते. तेव्हा काय वाटलं होतं तुला?"

थातरेसने पाणी आणून ठेवले, ते त्याने घेतले नाही. मग म्हणाला, "कुणीतरी ऐकतंय असं वाटलं."

"मग झालं तर."

"कसं झालं? कोण ऐकत होतं ते कळायला नको?"

"ऐकणारा वर स्वर्गात होता, पानिस्कोस. दगडांमागचे दोघं जन्मभर एवढ्याच एका गोष्टीवर भांडले, देव रडतो की नाही. त्यांच्यापैकी कुणापाशीही रडला असतास तरी तू योग्य जागी रडला असतास."

"पण आजोबा पाण्यात उतरले नाहीत, आई." हे तो वडीलमंडळींच्या आवाजात नाही बोलला. लहानपणी अंधारात हाक मारायचा तसा बोलला. तेव्हा मला कळले की त्याला मान खाली जाण्याची काळजी नव्हती. आजोबा कुठे असतील, याची भीती त्याला होती, आणि ती भीती त्याला थडग्यात नको होती.

मी म्हटले, "मलाही ती भीती वाटते रे. रोज वाटते. मी त्यांची मुलगी आहे. पण तो हिशोब देवाचा. तू गवंडी पाठवून तो करू नकोस."

त्याने दिवा हातात घेतला, उलटा करून बूड पाहिले, तिथे वडिलांनी कोरलेले नाव अंगठ्याने चोळले. मग त्याने दिवा खाली ठेवला आणि विचारले, "खाली दोन कोनाडे ना? एक तुझा."

"एक माझा."

"दुसरा?"

"रिकामा आहे. अगदी जमिनीलगत. ओल येते तिथे, कोणी घेत नाही."

"मला चालेल," तो म्हणाला. "लिहा."

शेवटचे कलम, मुलाच्या सांगण्यावरून घातलेले. चौथा कोनाडा पानिस्कोसचा. उजवीकडे कोण, हे त्याने त्यानंतर विचारलेले नाही. पुण्यतिथीला दिवा दोन वातींचा न्यावा, असे तो स्वतः म्हणतो. ठेवायचा कुठे, असे सेवकाने विचारले तर दोन्हींच्या मध्ये.

वरील मजकूर मी ऐकला, माझाच आहे, अक्षर हर्मियासचे आणि बोलणे माझे. सही मी केली. हात कापतो म्हणून वाकडी आहे. दिदिमे, सोतासची मुलगी.

पुढील सात जणांनी एकत्र बसून ऐकले आणि आपापली मोहोर उठवली: अमोइस, कोप्रेस, सिल्वानोस, पावसिरियन, इसियन, सारास, आणि गवंडी पेतेसूखोस, ज्याने आज सकाळी जाऊन वरचे दोन्ही दगड जसेच्या तसे असल्याचे पाहिले.

मुक्काम अलेक्झांड्रिया, बीटा मोहल्ला, उंबराखाली. सम्राटांच्या कारकिर्दीचे अकरावे वर्ष, तुबी महिन्याचा विसावा दिवस.